प्रस्तावना : सुबत्ता आणि माणसाचा हक्क

अकोले तालुक्यात भंडारदरा येथे प्रवरा नदीवर १९१० साली ज्या धरणाच्या बांधकामास आरंभ झाला आणि १९२६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन होऊन त्यांचेच नाव ज्यास देण्यात आले, त्या धरणाच्या कालव्यांनी प्रवराकाठच्या रयतेचे जिणे पालटून टाकले, ही गोष्ट त्या सरकारचा कडवा विरोधकही नाकारणार नाही. नगर जिल्हा हा मुळात अवर्षणाचा मुलूख. पावसाने पाठ फिरवली की गुरे विकावी, तगाईसाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या आणि सारा तहकूब झाल्याचा हुकूम कधी येतो याची वाट पाहावी, हा येथील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. त्या मुलुखात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. आणि त्याच उसाच्या आधारावर पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीच्या परिसरात सहकारी साखर कारखान्याचा तो प्रयोग १९५० साली सिद्धीस नेला, ज्याचे अनुकरण सबंध महाराष्ट्राने केले. याच जिल्ह्यात, नगर शहरालगतच्या भुईकोट किल्ल्यात, त्याच सरकारने १९४२ च्या ऑगस्टमध्ये जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृती काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांस आणून कोंडले. त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले गेले नाही, खटला चालला नाही, कैदेची मुदत सांगण्यात आली नाही. आणि १९४५ च्या मार्चपर्यंत त्यांतील बहुतेक जण त्या तटबंदीच्या आत राहिले.

एकाच राजवटीच्या दप्तरातील ही दोन कामे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे पुढील प्रकरणांचा विषय कोणता, हे वाचकांच्या ध्यानी येईल. धरणाच्या पाण्याने किल्ल्याच्या कुलपाचे समर्थन होते काय? सरकारने रेल्वे दिली, तारायंत्र दिले, कालवे दिले, मग चारदोन पुढाऱ्यांस स्थानबद्ध केले म्हणून एवढा गहजब कशाला, असे विचारणारी भली माणसे त्या काळी जिल्ह्याजिल्ह्यांत होती, आणि त्यांतील सगळीच स्वार्थी किंवा भित्री होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच कैदेत लिहिला, म्हणून ती कैद जितकी क्षम्य ठरते, तितकीच ती भंडारदऱ्याच्या कालव्यांनी क्षम्य ठरते. म्हणजे मुळीच ठरत नाही. परिणाम उत्तम निघाला एवढ्यावरून कृत्य न्याय्य होत नाही, आणि परिणाम वाईट निघाला एवढ्यावरून माणसाचा हक्क बुडत नाही, हे माझ्या एकूण लेखनाचे प्रतिपाद्य आहे. ते मी आरंभीच उघड करतो, म्हणजे वाचक सावधपणे पुढे जातील.

स्वातंत्र्य आल्याने हा प्रश्न मिटला नाही. त्याने केवळ पेहराव बदलला. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा आगगाड्या वेळेवर धावू लागल्या, कचेऱ्यांतून कारकून वेळेवर दिसू लागले, याचे कौतुक सुशिक्षित घरांतून किती मनापासून होत असे, हे त्या काळाच्या साक्षीदारांस सांगावयास नको. त्याच अमदानीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, आणि राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळेच ते कायद्याच्या पुस्तकात दाखल होता होता राहिले. लोकसंख्या आवरल्याविना दारिद्र्य हटणार नाही, हा त्यामागील तर्क निव्वळ दुष्टाव्याचा नव्हता. गरिबीविषयीच्या कळवळ्यातूनच गरिबाच्या देहावर हात टाकण्याची मुखत्यारी राज्याने मागितली होती, आणि या विषयातील खरी अडचण हीच आहे. सिंगापूरच्या ली क्वान यू यांनी जो विचार जगभर प्रतिष्ठित केला, की आधी शिस्त व समृद्धी आणि मग सवडीने नागरिकांची स्वातंत्र्ये, त्याचे अनुयायी आपल्याकडेही सद्‌हेतूनेच बोलत असतात.

परंतु व्यक्तीच्या हक्कांचे जे मित्र म्हणवतात, त्यांचा युक्तिवाद मला या विरोधकांच्या युक्तिवादापेक्षाही अधिक चिंताजनक वाटतो. ते म्हणतात, स्वतंत्र माणूस अधिक उद्यम करतो, मोकळ्या समाजात भांडवल येते, कायद्याचे राज्य असले की व्यापार वाढतो. तेव्हा हक्क द्यावेत, कारण ते फायद्याचे आहेत. यांतील विधाने बऱ्याच अंशी खरीही असतील. पण ज्या हक्काची सनद नफ्याच्या आकड्यावर लिहिली, तो हक्क तोट्याच्या वर्षी कोणाच्या तोंडाकडे पाहणार? उद्या एखादा हुकूमशहा अधिक वेगाने कारखाने उभारून दाखवील, आणि या मित्रांच्या हाती त्यास देण्याजोगे उत्तर उरणार नाही, कारण वाद कोणत्या न्यायासनापुढे चालावा हे त्यांनीच ठरवून दिलेले असेल. अमर्त्य सेन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या विकासविषयक ग्रंथात स्वातंत्र्याचे साधन म्हणून मूल्य मान्य करूनही त्याचे स्वयंभू मूल्य त्याहून निराळे आणि आधीचे मानले आहे. दुर्दैव असे की, आपल्याकडे त्यांच्या विवेचनाचा पहिला अर्धा भागच वारंवार सांगितला जातो.

यावर भुकेचा आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याला भाषणस्वातंत्र्याचे काय, असे विचारले जाते. नगरच्या किल्ल्यात कार्यकारिणी कैदेत होती त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. तेथे भाकरही नव्हती आणि देशाचे सरकारही लोकांना जाब देणारे नव्हते. याउलट १९७२ चा दुष्काळ पाहा. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या तालुक्यांतील वृद्धांच्या बोलण्यात अजून मिलो येतो, सुकडी येते, उन्हात खडी फोडणाऱ्या बायका येतात. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, घरे उठली. पण बंगालसारखा मृत्यूचा खच पडला नाही. कारण मोर्चे निघत होते, वृत्तपत्रे लिहीत होती, विधानसभेत सरकारला उभे राहून उत्तर द्यावे लागत होते. आणि त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या चिकाटीमुळे, जे निघाले ते मला या संबंध वादात सर्वांत मोलाचे वाटते: १९७७ चा रोजगार हमी कायदा, जो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अंमलात आला. ज्यास काम हवे त्याने अर्ज करावा, सरकारने पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, आणि त्याचा खर्च शहरांतील नोकरदारांवर बसविलेल्या व्यवसाय करातूनही भागवावा, असे त्याचे स्वरूप होते. येथे भाकर ही हक्काच्या आधीची पायरी राहिली नाही. ती स्वतःच हक्क झाली. मजुराने खणलेला पाझर तलाव पुढे पाणी धरो वा न धरो, त्याची मजुरी त्यास मिळालीच पाहिजे, कारण ती तलावाच्या यशाची बक्षिसी नव्हती. भूक पुढे करून जे हक्कास मागे सारतात त्यांना महाराष्ट्राने कायद्यानेच उत्तर दिलेले आहे, आणि ते उत्तर आपण स्वतःच विसरत चाललो आहोत याचे मला फार वाईट वाटते.

आता मी ज्या दोन गावांकडे वळतो, त्यांच्याविषयी या जिल्ह्यात सावधपणे बोलावे लागते, आणि ते योग्यच आहे, कारण त्या गावांनी जे केले ते हजारो गावांना जमलेले नाही. सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे १९७५ साली पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या आपल्या गावी परतले, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि त्या भट्ट्यांत यादवबाबांच्या देवळाची लाकडेसुद्धा जळाली होती, असे गावकरीच सांगत. नालाबांध, समपातळी चर, झाडे, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी अशा क्रमाने गावाने जे पाऊल टाकले त्यातून पाणी भूगर्भात मुरले, विहिरी भरल्या, दुबार पिके आली; आणि कर्जात बुडालेल्या दलित कुटुंबांच्या जमिनी गावाने श्रमदानाने कसून त्यांचे कर्ज फेडले, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु याच गावात दारू पिणाऱ्यास खांबाला बांधून फटके मारण्यात येत, आणि ही गोष्ट कोणी विरोधकाने रचलेली नाही. स्वतः हजारे यांनीही ती नाकारली नाही. आजारी लेकराला आई कडू औषध पाजते तसेच हे, असे तिचे समर्थन करण्यात आले.

मी या समर्थनावर पुष्कळ विचार केला आहे, आणि ते मला मान्य होत नाही. लेकरू उद्या मोठे होते आणि आईच्या अधिकाराबाहेर जाते. खांबाला बांधलेला गृहस्थ मात्र प्रौढ होता, मतदार होता, आणि भारतीय दंडविधानात त्याच्या कृत्यास फटक्यांची शिक्षा नव्हती. त्याची बायको सुखी झाली असेल, त्याची मुले शाळेत गेली असतील. मी ते सारे धरून चालतो आणि तरीही म्हणतो, की त्या मनुष्याचा अपमान गावाच्या जमाखर्चात जमेकडे कोठेही मांडता येत नाही. आणि हजारे यांच्याच चरित्रातून मला याचा दाखला मिळतो. २००३ साली ते मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसले ते माहितीच्या अधिकाराच्या कायद्यासाठी; सरकारी दप्तर पाहण्याचा सामान्य नागरिकाचा अधिकार उत्पन्न वाढविणारा आहे किंवा नाही, असा प्रश्न तेथे कोणी काढला नाही. नागरिक आहे म्हणून त्याला तो असावा, एवढेच कारण पुरेसे होते. जे कारण मुंबईच्या मैदानावर पुरेसे ठरले ते राळेगणच्या खांबाजवळही पुरेसे ठरावयास हवे होते.

दुसरे गाव हिवरेबाजार. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची जी रीत घातली, ती आज देशभर अभ्यासली जाते: पाऊस किती पडला, किती मुरला, आणि त्यावरून औंदा कोणती पिके घ्यावयाची, हे गाव ठरविते. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाहीत, गावाबाहेरच्यास जमीन विकावयाची नाही, असे तेथील नियम. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली, ही या नियमांची फलश्रुती सर्वश्रुत आहे. येथे मला विवेक करावासा वाटतो, कारण सर्वच निर्बंध एका मापाने मोजणे ही हक्कवाद्यांची नेहमीची चूक आहे. बोअर न घेण्याचा नियम हा माझ्या मते हक्काचा संकोच नसून संरक्षण आहे. खडकाखालचे पाणी सातबाऱ्याच्या हद्दी ओळखत नाही, आणि ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने तीनशे फूट खाली जाऊन शेजाऱ्याची विहीर कोरडी करावी, हे स्वातंत्र्य कोणत्याही न्यायबुद्धीने कबूल करता येणार नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिने तर याहून पुढचे पाऊल टाकले होते: पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातील माणसांच्या संख्येवर द्यावे, आणि भूमिहीनासही त्याचा वाटा असावा. माणसाला केवळ माणूस म्हणून पाण्यावर अधिकार देणारी ही कल्पना मला आपल्या ग्रामीण विचारातील एक थोर कल्पना वाटते.

परंतु त्याच हिवरेबाजारने लग्नापूर्वी वधूवरांची एचआयव्ही चाचणी सक्तीची केली, आणि या निर्णयाचेही वृत्तपत्रांनी तितक्याच उत्साहाने स्वागत केले. संसदेने २०१७ साली केलेल्या कायद्याने अशी चाचणी माणसाला पूर्ण माहिती देऊन मिळविलेल्या संमतीवाचून करता येत नाही. गावाने संमती घेतलीच असेल, असे कोणी म्हणेल. पण साऱ्या गावाचा ठराव पाठीशी असताना एकोणीस वर्षांच्या मुलीने दिलेली संमती किती मोकळी असते, हे आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या घरच्या मुलीकडे पाहून ठरवावे. पाणी सर्वांचे आहे म्हणून पाण्याचा नियम सर्वांनी मिळून करावा, हे रास्त. देह ज्याचा त्याचा आहे, म्हणून तेथे ग्रामसभेचा बहुमताचा ठरावही उंबऱ्याबाहेर थांबला पाहिजे.

मताधिकाराची गोष्टही अशीच आहे. निवडणुकीने गावात तेढ पडते, पैसा उधळला जातो, म्हणून बिनविरोध निवड करावी, हा विचार आदर्श गावांतून निघून सर्वत्र पसरला. २०२० च्या अखेरीस पारनेरच्या तत्कालीन आमदारांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांस २५ लाखांच्या विकासनिधीचे आश्वासन दिले. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला, उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली, आणि लिलावाचा पैसा देवळाच्या कामी लागणार होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. पहिल्या गोष्टीत आणि दुसऱ्या गोष्टीत नीतीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, हे मी मान्य करतो. पण दोहोंतही मताच्या हक्कास रुपयांत किंमत लावली गेली, आणि एकदा किंमत लागली की बोली वाढत जाणे क्रमप्राप्त असते. हिवरेबाजारात २०२१ साली सुमारे तीस वर्षांनी मतदान झाले, आणि पवार यांच्याच पॅनेलचे सर्व उमेदवार निवडून आले. यावरून निवडणुकीने गाव मोडत नाही असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मी तो काढणार नाही. पॅनेल पडले असते, गावात फूट पडली असती, पाण्याचा ताळेबंद एक वर्ष मांडला गेला नसता, तरी विरोधात उभे राहणाऱ्याचा उभे राहण्याचा हक्क तितकाच खरा राहिला असता.

आणि संपत्ती आली म्हणजे हक्क आपोआप मागून येतात, ही जी आणखी एक बाजू काही लोक मांडतात, तिचे खंडन करण्यास नगर जिल्ह्यासारखा कठोर साक्षीदार दुसरा नाही. मुळा धरणाच्या पाण्याने नेवासे तालुका सधन झाला, सोनईस साखर कारखाना उभा राहिला, महाविद्यालये आली. त्याच सोनईच्या परिसरात १ जानेवारी २०१३ रोजी तीन दलित तरुणांची प्रेमप्रकरणाच्या संशयावरून अमानुष हत्या झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ साली त्या खटल्यात सहा जणांस फाशीची शिक्षा सुनावली. जामखेड तालुका कोरडवाहू. तेथील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या दलित मुलास त्याच प्रकारच्या संशयावरून ठार करण्यात आले, साक्षीदार उलटले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. एक तालुका बागायती, दुसरा जिरायती. दोहोंत मरणारा मुलगा एकाच समाजस्तरातला, आणि मारण्याचे कारणही एकच. उसाने ज्या मुलास वाचविले नाही आणि दुष्काळाने ज्यास मारले नाही, त्याच्या जगण्याचा हक्क बाजारभावाशी बांधून ठेवणारे शास्त्र मला कळत नाही.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले, तेव्हा अनेक गांधीवादी सभासद दुखावले गेले, आणि पुढे ग्रामपंचायतींविषयीचा चाळिसावा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यात आला. हा अनुच्छेद असावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु गाव समृद्ध असले तरी त्या समृद्धीत वाटा न मिळालेला, किंवा तिच्या नियमात न बसणारा एखादा माणूस त्यात असतोच; त्याच्यासाठी घटनेने जागा राखून ठेवली, हे बाबासाहेबांचे ऋण नगर जिल्ह्याने तरी विसरू नये. त्यांच्याही आधी जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्त्रीपुरुषांचे हक्क निर्मिकाने जन्मतःच दिलेले मानले, कर्तबगारीच्या मोबदल्यात नव्हे, कर भरल्याच्या पावतीवर नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ च्या ऑगस्टमध्ये, खासगीपणाच्या हक्काविषयी निर्णय देताना, गरिबांस अन्नवस्त्र हवे, नागरी हक्क नकोत, हा सरकारपक्षाच्या बाजूने पुढे आलेला विचार साफ नाकारला, आणि त्याच निकालाने आणीबाणीतील १९७६ चा तो निर्णय, ज्यात स्थानबद्धास न्यायालयाचे दार बंद करण्यात आले होते, मोडीत काढला. एकेचाळीस वर्षे लागली. पण फैसला झाला.

पुढील प्रकरणांत कालवे, कारखाने, पाणलोट, ग्रामसभा आणि खटले यांचा तपशील विस्ताराने येईल, आणि तो वाचताना पुष्कळ वाचकांस लेखक आपल्या जिल्ह्याच्या चांगल्या कामांवर अकारण कठोर झाला असे वाटण्याचा संभव आहे. त्यांना माझी विनंती आहे. दर वर्षी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी आपल्या गावी ग्रामसभा भरते. यापुढच्या सभेस जाताना गावाने केलेल्या नियमांची वही सोबत मागून घ्यावी, आणि तींतील प्रत्येक नियमाखाली सही करणाऱ्यांत तो नियम ज्याच्या अंगावर येतो तो मनुष्य आहे काय, हे सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून पाहावे. नसेल तर त्याला सभेत बोलावून घ्यावे, आणि तो आल्यावर प्रथम त्याला बोलू द्यावे.